थोराड मुद्राक्षरे आणि मराठीचे स्वर
ठळक शोभाटाइपाच्या इतिहासाचा भाषाशास्त्रीय विचार

१

राम गणेश गडकरी यांचे निधन नागपूर जिल्ह्यातील सावनेर या गावी २३ जानेवारी १९१९ रोजी झाले. आजारपणात ते येथे येऊन राहिले होते. मृत्यू उंबरठ्याशी आला असता त्यांनी ‘भावबंधन’ नाटकाचे लेखन पुरे केले. ‘राजसंन्यास’ मात्र अपुरेच राहिले. गडकऱ्यांच्या वाङ्मयीन थोरवीचा विचार हा या लेखाचा विषय नव्हे. ‘भावबंधन’ या एका शब्दाकडे नाटकाचे नाव म्हणून न पाहता छापलेला शब्द म्हणून पाहावे, एवढीच येथे अपेक्षा आहे.

या शब्दात भ आहे, व आहे, ब आहे, ध आहे आणि ब वर अनुस्वार आहे. आता भ चा भेद म शी, ब चा व शी आणि ध चा घ शी अत्यंत थोड्या रेघांवर अवलंबून असतो, हे कोणाही वाचकाच्या ध्यानात येईल. लहान टाइपात, पानभर मजकुराच्या ओघात, हा भेद सहज सांभाळला जातो. परंतु नाटकाच्या जाहिरातीत हाच शब्द जेव्हा हातभर लांबीचा आणि शक्य तितका काळा करून छापावयाचा असतो, तेव्हा त्या थोड्या रेघांचे काय होते? अक्षर मोठे केले म्हणजे ते अधिक वाचनीय होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो सर्वस्वी खरा नाही, आणि मराठीच्या बाबतीत तो का खरा नाही, याचे उत्तर मुद्रणाच्या इतिहासात जितके आहे तितकेच आपल्या लिपीच्या रचनेत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२

ज्या अक्षरवळणाचा येथे विचार करावयाचा आहे, ते मूळचे रोमन लिपीचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिस येथे दिदो घराण्याने आणि पार्मा येथे जांबात्तिस्ता बोदोनी याने रोमन मुद्राक्षरांत जाड आणि बारीक रेघांतील अंतर पुष्कळ वाढविले. उभा दंड जाड, आडवी रेघ केसासारखी बारीक, आणि दंडाच्या दोन्ही टोकांना त्याच बारीक रेघेची आडवी पट्टी, म्हणजे सेरिफ, अशी ही रचना होती. तिच्या मागे रुंद टोकाचा बोरू नव्हता. अणकुचीदार लेखणी आणि ताम्रपटावर कोरणारे हत्यार यांची ती परंपरा होती. अशा लेखणीवर खाली येताना दाब पडला की रेघ फुगते, आणि दाब काढला की ती निमुळती होते.

पुढची पायरी लंडनमध्ये गाठली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉबर्ट थॉर्न या टाइप ओतणाऱ्या कारागिराने, आणि त्याच्या मागोमाग इतरांनी, बारीक रेघ होती तेवढीच ठेवून दंड मात्र इतका जाड केला की त्याची रुंदी अक्षराच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक झाली. इंग्रजी मुद्रकांनी या वळणास ‘फॅट फेस’ असे नाव दिले. या लेखात त्यास ‘थोराड वळण’ असे म्हटले आहे. पुस्तकासाठी ते निर्माण झालेच नव्हते. सोडतीची तिकिटे, नाटके, घोडागाड्यांची वेळापत्रके, लिलाव यांच्या जाहिराती भिंतीवर लावल्या जात, आणि शेजारच्या जाहिरातीहून आपली जाहिरात आधी दिसावी एवढाच तिचा हेतू असे. इंग्लंडमधील सरकारी सोडती १८२६ साली बंद झाल्या. परंतु त्यांच्यासाठी वापरली गेलेली ही धष्टपुष्ट अक्षरे जगभर पसरली.

येथे एक गोष्ट आधीच नमूद करून ठेवली पाहिजे. रोमन लिपीत स्वर आणि व्यंजन यांना ओळीवर समान स्थान असते. ए, आय, ओ, यू ही अक्षरे बी, एम, टी यांच्या शेजारी त्यांच्याच योग्यतेने उभी राहतात. त्यामुळे दंड जाड करताना स्वरांच्या वाट्यालाही शाई येते. n आणि u सारख्या अक्षरांत बारीक रेघ पुसली गेली तर रोमनमध्येही घोटाळा होतो, हे खरे. परंतु तो घोटाळा एखाददुसऱ्या अक्षरापुरता असतो. स्वरांचा संपूर्ण वर्गच त्यात सापडत नाही.

३

देवनागरीचे मूळ निराळे आहे. आपल्या पोथ्यांचे बालबोध अक्षर बोरूने लिहिलेले असून बोरूचे टोक तिरके कापलेले असे; आणि तो कापही रोमन लेखणीच्या कापाच्या उलट दिशेचा असे. सुमारे ४५ अंशांत धरलेल्या रुंद टोकाने रेघ ओढली, तर उभी आणि आडवी या दोन्ही रेघा सारख्याच जाडीच्या उमटतात. तिरप्या दिशांपैकी एकीत रेघ सर्वांत जाड होते व दुसरीत सर्वांत बारीक. म्हणूनच पोथीतील शिरोरेषा आणि दंड यांची जाडी जवळजवळ सारखी आढळते, आणि बारीकपणा वळणांत व गाठींत लपलेला असतो. जाड-बारीक भेद देवनागरीत आहेच. परंतु त्याचा अक्ष रोमन थोराड वळणाच्या अक्षाशी जुळत नाही. मोडीची गोष्ट तर याहून वेगळी. तिच्यात लेखणी न उचलता धावणाऱ्या रेघेला प्राधान्य असल्यामुळे जाड-बारीकपणास शोभेचे स्थान मिळालेच नाही.

छापखाना मराठीत आला तेव्हा या दोन लिप्यांपैकी कोणती घ्यावी याचा निर्णय प्रथम झाला. विल्यम केरी याचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे देवनागरी टाइपात, तर त्याचा मराठी कोश १८१० साली मोडी टाइपात निघाला. मुद्रणात अखेर बालबोधच स्थिरावली. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम याने देवनागरीचे टाइप तयार केले. गणपत कृष्णाजी यांनी आधी शिळाप्रेसवर आणि नंतर टाइपावर मराठी छपाईस वळण लावले. याच मिशनच्या छापखान्यात लहानपणी टाइप घासण्याचे काम केलेले जावजी दादाजी यांनी १८६४ साली टाइपाचा कारखाना आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या पंचांवरून ओतलेली अक्षरे पुढे सबंध देवनागरी मुद्रणाचा मानदंड ठरली. जावजींचे निधन १८९२ साली झाले, तोवर ‘काव्यमाले’सारख्या ग्रंथमालांनी ते वळण हिंदुस्थानभर पोहोचविले होते.

निर्णयसागरी अक्षराचा गुण कोणता, असा प्रश्न केल्यास त्याचे उत्तर ‘माफकपणा’ असे देता येईल. दंड भरीव, शिरोरेषा त्याला साजेशी, आणि बारीक रेघ बारीक असूनही हरवणार नाही इतकी धष्ट. यात कोरणाऱ्याची अभिरुची होती, तशीच एक व्यावहारिक अडचणही होती. मात्रा, वेलांटी किंवा रफार यांची टोके खिळ्याच्या अंगाबाहेर काढून शेजारच्या खिळ्यावर टेकवावी लागत. अशी बाहेर लोंबणारी रेघ केसासारखी बारीक केली, तर छापताना दाबाखाली ती मोडून जाई. शिशाच्या टाइपात थोराड वळणाचा अतिरेक मराठीत फारसा झाला नाही, याचे श्रेय काही अंशी या मोडक्या मात्रांना दिले पाहिजे.

दुसरे कारण खर्चाचे. जाहिरातीसाठी रोमन मोठ्या अक्षरांचा नवा संच काढावयाचा तर २६ पंच आणि थोडे अंक एवढ्यावर भागे. देवनागरीत मूळ अक्षरे, त्यांची अर्धी रूपे, जोडाक्षरे आणि स्वरचिन्हे मिळून हा आकडा शेकड्यांवर जातो. लोकमान्य टिळकांसारख्या संपादकाने खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटीत लक्ष घातले, ते याच कारणाने. शोभेच्या टाइपासाठी एवढा खर्च करण्यास कोणता कारखानदार धजणार? तेव्हा बहुधा पुस्तकी वळणच थोडे काळे करून मथळ्यांसाठी वापरले जाई, आणि फार मोठ्या आकारासाठी लाकडी अक्षरे किंवा हाताने काढलेला ठोकळा यांचा आश्रय घेतला जाई. या सर्व व्यवहाराची सविस्तर नोंद बापूराव नाईक यांच्या देवनागरी मुद्राक्षरांवरील इंग्रजी ग्रंथात सापडते. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने तो १९७१ साली प्रसिद्ध केला.

४

मराठीत ठळक अक्षराची गरज भासू लागली ती दोन क्षेत्रांत : रंगभूमी आणि वृत्तपत्र. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यानंतर संगीत नाटक हा मोठा व्यवसाय झाला, आणि नाटकाचे नाव लांबून वाचता येणे हा त्या व्यवसायाच्या उत्पन्नाचाच एक भाग झाला. वृत्तपत्रांच्या बाबतीत विदर्भाच्या वाचकास अच्युत बळवंत कोल्हटकर यांचे नाव आठवल्यावाचून राहणार नाही. नागपूरच्या ‘देशसेवक’ पत्राचे संपादन केलेल्या या लेखकाने पुढे १९१५ साली मुंबईस ‘संदेश’ सुरू केला आणि चटकदार मथळा ही मराठी वृत्तपत्राची एक स्वतंत्र कला बनविली. तोवर मथळा मजकुराची ओळख करून देत असे. आता तो वाचकास हाक मारू लागला. हाकेसाठी जसा आवाज चढवावा लागतो, तसे अक्षरही चढवावे लागले.

ही उपमा केवळ अलंकार म्हणून दिलेली नाही. बोलताना आपण आवाज चढवितो तेव्हा त्याचा जोर मुख्यतः स्वरांवर येतो. लांबच्या माणसास हाक मारताना स्वर लांबविले जातात. व्यंजनांना ती सोय नाही. ‘गोविंदा’ ही हाक दुरून ऐकू येते ती ओ आणि आ यांच्या बळावर. कागदावरच्या हाकेत मात्र नेमके उलट घडते, ते कसे हे पुढे पाहू.

५

देवनागरी अक्षरांतील रेघांचे त्यांच्या भेदकशक्तीनुसार तीन वर्ग पाडता येतात.

पहिला वर्ग दंडाचा. ख, ग, घ, च, ज, त, थ, ध, न, प, ब, भ, म, य, व, ष, स अशा बहुसंख्य व्यंजनांत उभा दंड समान आहे. जे सर्वांत समान ते कोणासही दुसऱ्यापासून वेगळे करीत नाही. दंडाचे भाषिक कार्य आहे, ते अर्धे अक्षर आणि पूर्ण अक्षर यांतील भेद दाखविण्याचे. परंतु त-न, प-म, व-स यांतील भेदास त्याचा काही उपयोग नाही.

दुसरा वर्ग दंडाच्या डावीकडील अंगाचा आणि शिरोरेषेच्या अवस्थेचा. भ आणि म, घ आणि ध या जोड्यांत शिरोरेषा कोठे तुटते व तिच्या डाव्या टोकाशी लहानशी गाठ आहे की नाही, यावर सारा भेद उभा आहे. ब आणि व, ष आणि प या जोड्यांत पोकळीच्या आत एक तिरपी रेघ आहे किंवा नाही, एवढाच भेद. या जोड्या मराठीत निरुपद्रवी नाहीत. घन आणि धन, घर आणि धर, भला आणि मला, बेल आणि वेल, बीज आणि वीज, बाट आणि वाट असे कितीतरी शब्द केवळ त्या एका रेघेने वेगळे होतात.

तिसरा वर्ग ओळीच्या वर-खाली लटकणाऱ्या चिन्हांचा : मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, रफार. मार आणि मोर, माल आणि मोल यांत भेद मात्रेचा. मद आणि मंद, रग आणि रंग यांत अनुस्वाराचा. वग आणि वर्ग यांत रफाराचा. त्यातही मराठीची म्हणून एक खास रेघ आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांतील खोरी; आचार्यास आणि आचाऱ्यास. या दुसऱ्या रूपांतील अर्ध्या र ची चंद्रकोरीसारखी आडवी रेघ हिंदीस लागत नाही. मराठीचे तिच्यावाचून चालत नाही.

आता थोराड वळणाचा नियम या तीन वर्गांना लावून पाहावा. उभी रेघ जाड, बाकीची बारीक, हा तो नियम. त्याप्रमाणे सर्वांत अधिक शाई पहिल्या वर्गास, म्हणजे ज्याची भेदकशक्ती सर्वांत कमी त्यास मिळते. जाड दंडाने जागा व्यापल्यामुळे दुसऱ्या वर्गातील पोकळ्या आकसतात. ब च्या पोटातील तिरपी रेघ काळ्यात बुडते, आणि भ ची गाठ दंडाच्या सावलीत जाते. तिसऱ्या वर्गाच्या वाट्याला केसासारखी रेघ येते. काना तेवढा उभा असल्यामुळे लठ्ठ होतो, त्यामुळे आ चे फावते. परंतु ए, ऐ, ओ, औ यांच्या मात्रा, अनुनासिक आणि रफार क्षीण होतात. सारांश, व्यंजने माजतात आणि स्वर उपाशी राहतात. बोलण्यातील हाक स्वरांवर चढते. थोराड वळणातील हाक स्वरांचाच गळा दाबते. रोमनमध्ये जे एखाद्या अक्षरापुरते घडते, ते देवनागरीत एका संपूर्ण ध्वनिवर्गाच्या बाबतीत घडते, याचे कारण आपल्या लिपीत स्वरास ओळीवर आसन नाही. तो व्यंजनाच्या खांद्यावर किंवा पायाशी असतो.

‘भावबंधन’ या शब्दाची कसोटी येथे उपयोगी पडते. नियम यांत्रिकपणे लावला, तर भ चा म, ब चा व, ध चा घ होण्याची वाट मोकळी होते, आणि अनुस्वार उडाला म्हणजे शब्दाचा बांधच सुटतो. उरतात ते पाच काळे खांब आणि एक काना. जाणता प्रेक्षक नाव आधीच ऐकून असल्यामुळे ते वाचतो. परंतु ज्यास नाव ठाऊक नाही त्याच्यासाठीच जाहिरात असते, हे विसरून चालणार नाही.

६

शिशाचा टाइप गेल्यानंतर या नियमावरील जुने निर्बंधही गेले. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले. संगणकावर मात्रा मोडत नाही, आणि एकदा तयार केलेला अक्षरसंच कितीही ठिकाणी विनाखर्च नेता येतो. त्यामुळे शिशाच्या काळी जो अतिरेक परवडत नव्हता, तो आता सहज परवडू लागला. शोभेच्या देवनागरी अक्षरसंचांची खरी वाढ गेल्या दोन दशकांतील आहे.

थोराड वळणाच्या दृष्टीने या काळातील लक्षणीय उदाहरण म्हणजे ‘रोझा वन’. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली तो मुक्त परवान्याने प्रसिद्ध केला. टिम डोनाल्डसन आणि ज्योतिष सोनोवाल हे त्याचे रचनाकार. रोमन आणि देवनागरी या दोन्ही लिप्यांत जाड दंड आणि अतिशय बारीक रेघ यांतील विरोध टोकास नेणे, आणि तेही दोन्ही लिप्या एका ओळीत शोभतील अशा बेताने, हा त्यामागील हेतू आहे. मोठ्या आकारात, थोड्या शब्दांसाठी, चांगल्या कागदावर अगर पडद्यावर हे अक्षर खरोखर देखणे दिसते. याच सुमारास मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला ‘मोदक’ हा संच निराळ्या मार्गाने गेला. त्यात रेघ सर्वत्र फुगविलेली असून आतल्या पोकळ्या बारीक चिरांएवढ्या राहिल्या आहेत. एका वळणात काळ्या रेघेचा विरोध बारीक काळ्या रेघेशी आहे; दुसऱ्यात तो बारीक पांढऱ्या रेघेशी आहे. भाषेच्या दृष्टीने दुसऱ्या मार्गाचा एक लाभ असा की मात्रा आणि वेलांटी यांनाही अक्षराइतकेच अंग मिळते. तथापि त्यात पोकळीचा भेद, म्हणजे ब-व, ष-प हा प्रश्न, अधिक जपून हाताळावा लागतो. कोणतेही थोराड वळण हा प्रश्न टाळू शकत नाही. तो कोठे सोडवावयाचा, एवढीच निवड रचनाकाराच्या हाती असते.

या निवडीचे परिणाम पाहावयास सावनेरसारखे दुसरे गाव नाही. नागपूरहून आलेला रस्ता येथे फुटतो. एक फाटा बैतूलकडे जातो, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याकडे. थोड्या अंतरावर राज्याची सीमा आहे. परंतु भाषेची सीमा अशी रेघेवर थांबत नाही. बाजारातील फलकांवर मराठी आणि हिंदी शेजारी नांदतात, आणि एकाच फलकावर दोन्ही प्रांतांचे ल आणि श भेटतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणे स्वीकारली आहेत. आधुनिक अक्षरसंचांत मराठीसाठी वेगळी खूण ठेवून ही रूपे आपोआप आणण्याची तरतूदही करता येते. ती केलेली असली तरी फलक तयार करणाऱ्याने मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदविली नाही, तर हिंदी वळणेच उमटतात. ल आणि श यांच्या बाबतीत हा प्रश्न सवयीचा व आवडीचा म्हणून सोडून देता येईल. दऱ्या, सुऱ्या, पायऱ्या यांतील अर्ध्या र च्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही. तेथे अक्षराबरोबर शब्दच बदलतो.

प्रस्तुत लेखकाने येथील एका दुकानाच्या फलकावर ‘बेल’ की ‘वेल’ हे ओळखण्यासाठी रस्ता ओलांडून जवळ जावे, आणि जवळ गेल्यावरही खालच्या ओळीतील लहान अक्षरांवरून निर्णय करावा, असा प्रसंग अनुभवला आहे. फलक मोठा होता, काळा होता, रेखीव होता. मोठ्या अक्षरांचे काम लहान अक्षरांना करावे लागले, एवढेच त्यात न्यून होते.

७

वरील विवेचनावरून थोराड वळण देवनागरीस वर्ज्य आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. लिपी ही स्थिर वस्तू नाही. बोरूतून खिळ्यात येताना तिने एकदा रूप बदलले, आणि ते चांगले बदलले. आरूंच्या हातून जे घडले त्याचे मर्म हेच की त्यांनी परकीय तंत्र घेतले, परंतु कोणती रेघ बारीक होऊ द्यावयाची हे आपल्या लिपीस विचारून ठरविले. आज तोच प्रश्न अधिक तीव्र रूपात पुढे आहे. कारण ज्या मोडक्या मात्रा पूर्वी कारागिरास आपोआप आवरीत असत, त्या आता मोडत नाहीत.

तेव्हा ठळक मराठी अक्षराची पारख करताना दंड किती डौलदार आहे हे शेवटी पाहावे. आधी तुटलेली शिरोरेषा तुटलेली दिसते काय, ब च्या पोटातील रेघ जिवंत आहे काय, मात्रेस आणि अनुस्वारास दंडाच्या प्रमाणात वजन मिळाले आहे काय, आणि दर्या व दऱ्या यांत भेद राहतो काय, हे पाहावे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे काम कलाशाळांवर सोपवून मोकळे होऊ नये. कोणत्या रेघेवर किती शब्दांचा भार आहे, याची मोजदाद करणे हे त्यांचेच काम आहे, आणि मराठीपुरती तरी ती अजून व्हावयाची आहे. तोवर एक साधी कसोटी पुरेशी आहे. कोणताही नवा ठळक अक्षरसंच हाती आला, की त्यात सावनेर येथे पूर्ण झालेल्या त्या नाटकाचे नाव मांडावे, आणि ते ज्याने कधी ऐकलेले नाही अशा माणसास रस्त्याच्या पलीकडून वाचावयास सांगावे.